सात वर्षं बाराचाच

माझा थोरला एकोणीस वर्षांचा झाला, तरी जळगावच्या सरकारी दवाखान्यात तो बाराचाच होता. यांना चोपड्याला कापसाच्या जिनिंगमध्ये फिटरचं काम लागलं आणि आम्ही कोल्हापूरकडनं इकडं आलो, तेव्हा तो खरंच बाराचा होता. पुढं सात वर्षं केसपेपरच्या खिडकीवर मी तेच वय सांगत राहिले. मुलांच्या विभागात बारापर्यंतच घेत. तसं पाटीवर लिहिलेलं होतं, आणि माझी शाळा चौथीत सुटली तरी पाटी वाचता येत होती.

त्याला बोलता येत नव्हतं, चालता येत नव्हतं, वरनं फिट यायच्या. एकदा मोठ्यांच्या ओपीडीत नेलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी मान वर न करता त्यालाच विचारलं, "काय होतंय?" मी बोलेपर्यंत गोळी बदलून झाली. पोर दोन दिवस डोळे उघडेना. तेव्हापासून एकच धास्ती, मुलांचे डॉक्टर सुटले तर आपलं कसं?

मग मिशी फुटली. महिन्याच्या फेरीला पहिली एस.टी. धरायच्या आधी मी यांच्या वस्तऱ्यानं ती काढायची. एका फेरीला त्यानं मान झटकली आणि ओठावर कापलं. यांच्या सदऱ्याला चिकटलेली रुई काढून लावली आणि निघाले. अंगानं वाळकाच तो, पण पाठीवर घेऊन रांगेत उभं राहायचं म्हणजे कंबर मोडायची. पुढची म्हातारी वळून बघायला लागली.

"अक्का, हाऊ बारा वरीसना शे? मना नातू बी बाराना शे, त्याले नाक पुसता येत नही. तुना ते दाढी करीसन उना!"

बाराचा पोरगा दाढी करून आला म्हटल्यावर रांग हसली. मीही हसले. काय करणार?

आत मुलांच्या डॉक्टरांनी ओठावरची रुई हळूच काढली. "खरं वय सांगा."

मी पोराच्या ओठावर पदर धरला. शेवटी म्हटलं, "एकोणीस, साहेब."

"ते मला दिसत होतं हो. पण आता माझी बदली झालीय. नवा माणूस पाटीच बघणार."

मी पोराला उचलायला वाकले. त्यांनी मोठ्यांच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहायला घेतली, तीही मराठीत, आणि ओळ न् ओळ मला वाचून दाखवली. "काही राहिलं का?" बाहेर रांग खोळंबलेली. मला असं आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"गोळी केळ्यात कुस्करून द्यावी लागते," मी म्हटलं. "नुसती दिली तर ठसका लागतो."

त्यांनी तेही लिहिलं.

पुढल्या महिन्यात मिशीसकट त्याला मोठ्यांच्या ओपीडीत नेलं. खिडकीवर एकोणीस सांगताना जीभ अडखळली. आत डॉक्टर तेच, मान वर न करता गोळी बदलणारे. चिठ्ठी अर्धी वाचली त्यांनी, मग मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं.

"केळं कसलं? अगदी पिकलेलं?"

"काळे ठिपके आलेलं, साहेब," म्हटलं, आणि समोरच्या स्टुलावर टेकले.