सुमित्राअक्कांची ‘वाचणी’

लग्न होऊन मी उदगीरहून कर्नाटकातल्या भालकीला आले, त्या वर्षीची गोष्ट. बसस्थानकावर एक बाई मोबाइल उंच धरून प्रत्येक गाडीच्या कन्नड पाटीचा फोटो काढत होत्या. शेवटी कंडक्टरने विचारलेच, “अक्का, सकाळपासनं फोटो कामून काढायलाव?”

“माझ्या प्रोग्रामला वाचायला शिकवायलेय. अजून भालकीला बालटी म्हणायलाय त्यो.”

मला हसू आवरेना. मलाही कन्नड वाचता येत नव्हते. माझी गाडी कोणती, हे त्यांनीच सांगितले. त्या सुमित्राअक्का बिरादार. पुढच्याच महिन्यात मी ज्या मराठी शाळेत रुजू झाले, तिथे त्या गणित शिकवत होत्या.

प्रोग्रामिंग त्यांना कुणी शिकवले नाही. शाळेने मोडीत काढलेला संगणक त्यांनी मागून घेतला, खोलून दुरुस्त केला आणि पन्नाशीत त्या विषयाला हात घातला. त्यांच्या स्वयंपाकघरात विरजणाच्या पातेल्याला एक तार लावलेली असे. दही लागले की जुना मोबाइल वाजे. हे कशासाठी, असे मी विचारले, तर म्हणाल्या, “होतंय का, बघावं म्हटलं.” पुष्कळ उद्योगांमागे त्यांचे एवढेच कारण असते.

‘वाचणी’, म्हणजे बसस्थानकावरच्या पाट्या वाचायला शिकणारा तो प्रोग्राम, मात्र लोकांच्या उपयोगी पडली. आमच्या भागात कितीतरी मराठी घरांत कन्नड ऐकून कळते, वाचता येत नाही. म्हणून अक्कांनी भाषांतराच्या भानगडीत न पडता फोटोतली कन्नड अक्षरे नुसती देवनागरीत मांडली. बायका ती मोठ्याने वाचत आणि अर्थ आपसूक कळे.

अनसूयाबाई जवळच्या वाडीवर राहतात. घरची मेंढरे विकल्यापासून त्या मजुरीला जात. अंगणवाडीत मदतनीस हवी असल्याची हाताने लिहिलेली सूचना त्यांनी ‘वाचणी’वर वाचली आणि नऊ तारखेला मुलाखतीसाठी कार्यालयात गेल्या. मुलाखत सहा तारखेलाच झाली होती. कन्नडमधले सहा आणि नऊ हे आकडे दिसायला जवळजवळ सारखे. प्रोग्राम फसला होता.

कळताच अक्का मला सोबत घेऊन त्या कार्यालयात गेल्या. “चूक ह्यांची न्हाई, माझ्या प्रोग्रामची हाय,” असे त्यांनी लेखी दिले. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतले, पण निवड झालेली होती. तिथून अक्का थेट वाडीवर गेल्या. अनसूयाबाईंसमोर त्यांनी हात जोडले.

अनसूयाबाईंनी त्यांचे जोडलेले हात खाली केले. मग म्हणाल्या, “व्हय अक्का, माझं नुकसान झालं. आता मलाच ती अक्षरं शिकवा. मशिनीवर माझा भरवसा न्हाई.”

अक्कांनी त्यांना तीन महिने शिकवले. ‘वाचणी’तही बदल केला. आता आकड्याबद्दल शंका आली की ती अंदाज करत नाही. मूळ फोटो मोठा करून दाखवते आणि खाली लिहिते, ‘विचारून घ्या’. पुढच्या भरतीची सूचना अनसूयाबाईंनी स्वतः वाचली. आज त्या अंगणवाडीत आहेत, आणि ‘वाचणी’तला प्रत्येक नवा बदल आधी त्यांच्याकडे तपासायला जातो. त्या चुका काढतात आणि अक्का वहीत लिहून घेतात. चूक सापडल्यावर इतका आनंद होणारे माणूस मी दुसरे पाहिलेले नाही.

यंदा अक्कांनी साठी पूर्ण केली. सध्या त्यांना जुन्या उर्दू दस्तांचा नाद लागला आहे. निजामाच्या काळातले ते हात न उचलता ओढत लिहिलेले घसटे अक्षर वाचणारे फार थोडे उरले आहेत. परवा त्या सहज म्हणाल्या, “ह्याला धा वर्षं तर लागतीलच.” ती दहा आणि त्यापुढचीही पुष्कळ वर्षे त्यांना धडधाकट प्रकृतीची आणि स्वच्छ नजरेची लाभोत. त्यांच्यापुढे न उलगडलेली अक्षरे कधी संपू नयेत, ही आम्हा सर्वांची मनापासूनची इच्छा.