उडायचं, बुडायचं की दडायचं?

आमच्या रेवदंड्याच्या वाचनालयात अद्भुत कादंबऱ्यांचं एकच कपाट होतं आणि त्याची चावी माझ्या जानव्याला असायची. दिवसा मी शाळेत मास्तरकी करायचो आणि संध्याकाळी वाचनालय सांभाळायचो. वाचनालयाचा पगार नव्हता, मान होता. त्या मानाची मला भलतीच चटक लागली होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं तिच्यापायीच झालं.

जादूची पुस्तकं मागायला लोक लाजत. चांगला पागोटं घातलेला माणूस यायचा, चरित्रांच्या कपाटासमोर उगाच घुटमळायचा, खाकरायचा. मग मीच हळूच विचारायचो, "उडायचं, बुडायचं की दडायचं?" उडायचं म्हणजे विमानं, उडते घोडे, ढगांतली नगरं. बुडायचं म्हणजे पाताळ आणि समुद्राच्या तळाचे महाल. दडायचं म्हणजे वेषांतरं, गुप्त करणारी अंजनं, टोप्या. माणूस काय उत्तर देतो त्यावरून पुस्तक काढून द्यायचं, आणि ते बहुधा अचूक लागायचं. एकदाच सपशेल फसलो. बसऱ्यापर्यंत गलबतं नेलेल्या एका म्हाताऱ्या तांडेलाला न विचारताच बुडायचं पुस्तक दिलं. मला वाटलं, दर्यावर्दी माणूस, खूश होईल. दुसऱ्या दिवशी पुस्तक टेबलावर आपटून म्हणाला, "मास्तर, ह्या लिहिणाऱ्याने समिंदर बघितलेला न्हाय. आनि मी जिंदगीभर तोच बघितला. आता मला उडवा." त्याला उडवला, तो सहा महिने खाली उतरला नाही.

बायका वाचनालयात येत नसत. त्यांच्या पिशव्या येत. घरची मोलकरीण पिशवी घेऊन यायची, मी पुस्तक घालून द्यायचो. ज्या बाईला पुस्तक द्यायचं तिचं तोंडही पाहिलेलं नसायचं, मग आवडनिवड कळायची कशी? म्हणून मी एक युक्ती काढली. पुस्तकात एक कोरी चिठ्ठी घालायचो आणि निरोप द्यायचो, काय आवडलं, काय नाही, ते दोन ओळींत लिहा. पुस्तक परत आलं की उलटं धरून टेबलावर झाडायचं, चिठ्ठी खाली पडायची. बहुतेक चिठ्ठ्यांवर "छान आहे" एवढंच असायचं.

निळ्या काठाच्या पिशवीचं तसं नव्हतं. ती पिशवी किल्ल्याच्या तटाला लागून असलेल्या एका वाडीतून यायची, नारळी-पोफळींतलं मोठं घर होतं ते. धाकटी सून वाचणारी. पहिल्यांदा मोलकरणीकडे माझा ठरलेला प्रश्न पाठवला, तेव्हा दुसऱ्या दिवशी तिने सांगितलं, "बाय बोलली, दडायचं." तेव्हापासून मी तिला दडायची पुस्तकं देत गेलो, आणि काय चिठ्ठ्या यायच्या! एका राजकन्येने पुरुषवेष घेतला तर बाईंचं म्हणणं, केस कुठे लपवले ते लेखकाने लिहिलंच नाही. एक राक्षस मारला तर बाई विचारतात, त्याच्या स्वयंपाकघराचं पुढे काय झालं. मी त्या चिठ्ठ्या दोनदोनदा वाचायचो आणि एकटाच हसायचो. इतकी जाणती वाचक मला गावात दुसरी नव्हती.

ती म्हसळ्याची. बहिणीच्या लग्नात मानपानावरून तिच्या सासऱ्यांचं आणि वडिलांचं बिनसलं होतं, तेव्हापासून चार वर्षं तिला माहेरी धाडलेलं नव्हतं. हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. मलाही होतं. नव्हतं असं म्हणायची सोय असती तर किती बरं झालं असतं!

सव्वीस साल असेल, नाहीतर सत्तावीस. गणपती नुकतेच झाले होते. वाचनालयाच्या कमिटीची सभा भरली आणि अध्यक्ष म्हणाले, "मास्तर, ते जादूटोण्याचं कपाट आता बंद करा. बायकापोरं बिघडतात, डोक्यात काही उरत नाही." अध्यक्ष पेन्शनर मामलेदार, त्यांचा शब्द खाली पडत नसे. माझं डोकंच फिरलं. दहा वर्षं खपून मी ते कपाट उभं केलं होतं, आणि हे गृहस्थ आयुष्यात एक कादंबरी न वाचता मला सांगणार? म्हटलं, "डोक्यात काय उरतं ते ऐका." आणि खिशातून आदल्याच संध्याकाळी आलेली चिठ्ठी काढली. "नाव सांगत नाही," असंही वर म्हणालो. केवढा मी सभ्य!

पुस्तक होतं एका गुप्त करणाऱ्या टोपीचं. चिठ्ठी मी मोठ्याने, वर्गात कविता वाचावी तशी वाचली. ती मला आजही शब्दन् शब्द येते. "टोपी चोराच्या हाती द्यायला नको होती. मला मिळाली असती तर भर दुपारी घालून निघाले असते. आगरदांड्याला होडीत बसले असते, पैसे कोण मागणार! म्हसळ्याला आई अंगणात बसली असेल, तिच्याशेजारी जाऊन बसले असते. बोलले नसते, ती घाबरली असती. चार दिवसांनी परत आले असते. पाणी भरून ठेवलं असतं म्हणजे मी नाही हे इथे कोणाच्या लक्षातही आलं नसतं."

होडीच्या पैशांवर सगळे खो खो हसले. मीही हसलो. अध्यक्षसुद्धा मिशीत हसले. फक्त एक माणूस हसला नाही. तो त्या बाईंचा चुलतदीर, कमिटीचा सभासद, माझ्यापासून चार हातांवर बसलेला. तो उठला, कोपऱ्यातली छत्री घेतली आणि निघून गेला. तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. नाव झाकलं होतं रे गाढवा, पण म्हसळा? गावात म्हसळ्याची सून एकच होती.

कपाट वाचलं. वाचलं म्हणजे काय, अध्यक्षांनी आपण होऊन आणखी दहा अद्भुत पुस्तकं मागवायला मंजुरी दिली. सगळ्यांनी माझी पाठ थोपटली.

दोन दिवसांनी मोलकरीण आली. पिशवी टेबलावर ठेवली आणि उभीच राहिली. "मास्तर, तुमी तिची चिठी लोकांम्होरं वाचलात, व्हय?" मी पिशवीतून पुस्तक काढलं. ती म्हणाली, "मोठ्या बायनी, तिच्या सासूनी, औंदा भाऊबिजेला माहेरी धाडायचं कबूल केलं व्हतं. आता न्हाय म्हनतात. घराची अब्रू गेली म्हनतात. पुस्तकं पन बंद." ती गेल्यावर मी पुस्तक उलटं धरून झाडलं. चिठ्ठी पडली. तिच्यावर एकच ओळ होती. "आपण विचारलंत म्हणून लिहिलं होतं."

करण्यासारखी एक गोष्ट होती आणि ती मला लगेच सुचली होती. जाऊन सांगायचं, ती चिठ्ठी खोटी, कपाट वाचवायला मीच बनवून वाचली. माझं नाक कापलं गेलं असतं, पण बाई सुटली असती. मी त्यांच्या वाडीच्या बेड्यापर्यंत, आडव्या बांबूंच्या फाटकापर्यंत, गेलो. आत रहाटाचा आवाज येत होता. बांबू सरकवायला हात घातला, आणि मनात आलं की मग कमिटीत मी लबाड ठरणार, कपाटही जाणार आणि ती दहा पुस्तकंही. तसाच मागे फिरलो. पुस्तकांसाठी फिरलो, अशी मी कितीतरी वर्षं स्वतःची समजूत घातली. पुस्तकांसाठी नव्हे, मानासाठी फिरलो.

भाऊबीज आली आणि गेली. पुढच्या पावसाळ्यात म्हसळ्याला तिची आई वारली. होड्या बंद, वाटा बुडालेल्या, बातमी यायलाच आठ दिवस लागले. मला ती पोस्टात कळली. पोस्टमास्तर दुसऱ्या कुणाला सांगत होते आणि मी टपालाच्या खिडकीशी उभा होतो. त्या दिवशी वाचनालय उघडलं नाही. चिठ्ठ्यांची पद्धत तर त्याआधीच बंद केली होती.

त्या दहा पुस्तकांत टोपीच्या गोष्टीचा दुसरा भाग होता. तो मी कुणालाच दिला नाही. तांडेल मागायचा, पोस्टमास्तर मागायचे, मी बेधडक सांगायचो, बाहेर गेलाय. माझ्या खुर्चीमागच्या फळीवर तो कोराच्या कोरा पडून होता. कशासाठी ठेवला होता, मलाही सांगता आलं नसतं.

सात-आठ वर्षं अशी गेली. तिचे सासूसासरे गेले, वाडीचा कारभार तिच्या यजमानांकडे आला, गावातल्या चारदोन बायका वाचनालयात यायला लागल्या. एका संध्याकाळी दारात एक बाई उभी राहिली. कानशिलांवर केस पांढरे, हातात निळ्या काठाची पिशवी. तोंड मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो, पण पिशवी ओळखली.

"या, वहिनी," मी म्हणालो. माझा ठरलेला प्रश्न काही तोंडातून फुटेना. मागच्या फळीवरून पुस्तक काढलं, धूळ पुसली आणि पुढे केलं. तिने नाव वाचलं. पहिलं पान उघडलं, मिटलं, पिशवीत घातलं.

"चिठ्ठी घालायची असते का अजून?" तिने विचारलं.

"नाही. बंद केली ती पद्धत." पुढचं बोलायला मी शब्द जुळवत होतो. तेवढ्यात ती म्हणाली, "बरं केलंत," आणि पायऱ्या उतरून गेली.

चार दिवसांनी ती पुस्तक टेबलावर ठेवून गेली. मी आत कपाटाशी होतो. बाहेर येईपर्यंत ती रस्त्याला लागली होती. मी पुस्तक उचललं, उलटं धरलं आणि झाडलं. मग पुन्हा एकदा झाडलं. काही पडलं नाही.