थोरल्या काकांची दुसरी बॅटरी

नमस्कार मंडळी. आधीच सांगते – भूतखेत, चमत्कार यांवर माझा काडीचाही विश्वास नाही. मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर. घाबरते ती फक्त लूज कनेक्शनला. देवनागरी लग्नानंतर पुण्यात येऊन शिकले, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला.

आम्ही तंजावूरचे. घर राजवाड्यामागच्या गल्लीत. घरात मराठी, बाहेर तमिळ, भांडताना दोन्ही. ही गोष्ट पंच्याण्णवच्या आसपासची, मी तेव्हा कॉलेजात होते. थोरल्या काकांची नजर काचबिंदूने चालली होती. उरली आहे तीही टिकणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. काकांनी एकच हट्ट धरला... साताऱ्याकडच्या खेड्यातला आपला खंडोबा एकदा डोळ्यांनी बघायचा. आमच्यापैकी कुणीच तिथे कधी गेलेलं नव्हतं.

अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जुनी मॅटाडोर विकत घेतली आणि तिचं फिरतं घर करायला घेतलं. काय दिवस होते ते! अंगणभर वायरींचे तुकडे, अम्माची कटकट, आणि मी शेंबड्या अभिमानाने सोल्डरिंग करतेय. काकांना पंख्याशिवाय झोप येत नसे. पण रात्रभर पंखा चालला तर सकाळी इंजिनची बॅटरी बसणार. म्हणून मागच्या सीटखाली लाकडी पेटीत दुसरी बॅटरी बसवली. पंखा, दिवा, लांब वायरचा हँडलॅम्प – सगळं तिच्यावर. मध्ये रिले होता. इंजिन चालू असतानाच दोन्ही बॅटऱ्या जोडल्या जायच्या, बंद केलं की वेगळ्या.

मग आली सरस्वतीपूजा. आमच्याकडे त्या दिवशी पुस्तकं, हत्यारं देवापुढे मांडतात. विजयादशमीला पुन्हा पूजा होऊन घरातल्या थोरल्याने उचलेपर्यंत त्यांना कुणी हात लावायचा नाही. अप्पा पक्कड आणि स्क्रूड्रायव्हर ठेवून मोकळे होणार होते, पण काका अडून बसले.

“रघु, नवं सामान तें. पूजेंत बसल्याशिवाय नेऊं नये.”

“अण्णा, बॅटरी ती! अॅसिड सांडलं तर?”

“सांडूं दे. पाट माझा अहे.”

झालं. अप्पांनी बॅटरी काढली, वायरींच्या टोकांना टेप गुंडाळली. चंदन-कुंकू लावून बॅटरी पाटावर चढली, शेजारी सुंडलचा, म्हणजे हरभऱ्याच्या उसळीचा, नैवेद्य.

विजयादशमीला सकाळी पूजा करून आम्ही तिघं निघालो – काका, अप्पा, मी. अम्मा घर सांभाळायला राहिली. वाटेत पुळियोदरैच्या, म्हणजे चिंचेच्या भाताच्या, पुड्या, काकांच्या त्याच त्या गोष्टी, मुक्कामाला पंख्याखाली त्यांचं घोरणं... तो प्रवास अजून माझ्या अंगात आहे. त्या तीन दिवसांइतकी सुखी मी क्वचितच झाले असेन.

देऊळ छोटं होतं. आम्ही भर दुपारी पोचलो, पण गाभाऱ्यात मिट्ट काळोख, एकच समई. काका उंबऱ्याशी उभे राहिले, मान इकडून तिकडे केली. “कोठें अहे रे देव?” त्यांचा आवाज फाटला. एवढं येऊन...

“लाइट न्हाई ओ हितं,” गुरव म्हणाले.

अप्पा धावत गेले, गाडी मागे घेत पार दारापर्यंत आणली. धूर आत येऊ लागला म्हणून इंजिन बंद केलं, चावी खिशात टाकली. मी हँडलॅम्प ओढत आत नेला आणि बटण दाबलं. लख्ख उजेड!

काका बघत राहिले. कितीतरी वेळ. गालांवरून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. शेवटी हात जोडून म्हणाले, “पुरे बा.”

मी दिवा बंद करून बाहेर आले, तर अप्पा गाडीतून मला खुणावत होते. वायर आवरायला त्यांनी सीट उचलली होती. पेटी रिकामी. दोन्ही वायरींच्या टोकांना त्यांनीच गुंडाळलेली टेप, जशीच्या तशी.

अप्पांना वाटलं होतं, अण्णांनी उचलून मेकॅनिककडे बसवायला दिली. काकांना वाटलं, पूजेनंतर आपण हात लावला, पुढे रघुने नेली असेल. आम्ही फाट्यावरचा एसटीडी बूथ गाठून घरी फोन लावला.

“बॅटरी?” अम्मा म्हणाली. “येथें पाटावर अहे की! तुम्ही कोणीं उचलली नाहीं, मी कशी हात लावूं?”

इंजिनच्या बॅटरीवर चाललं असेल, असं तुम्ही म्हणालच. घरी परतल्यावर अप्पांनी आणि मी इंजिन बंद ठेवून बॅटरीविना हरतऱ्हेने करून पाहिलं. रिले उघडून तपासला. दिवा लागला नाही, पंखा हलला नाही.

काकांना हे कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, “मला दिसला, रघु. बत्तीचं तू पाहा.”

पोंगलपर्यंत, म्हणजे संक्रांतीपर्यंत, त्यांची नजर पूर्ण गेली. नंतरची सगळी वर्षं ते कुणालाही देव वर्णन करून सांगायचे – चांदीचे डोळे, मिशीत अडकलेला भंडारा, डाव्या कानाचा उडालेला टवका. न चुकता. अप्पांना मात्र ह्यातलं काहीच आठवत नसे. ते तेव्हा वायर सांभाळत होते. मी दिवा धरला होता आणि काकांच्या तोंडाकडे बघत होते. तो खंडोबा मलाही माहीत आहे, पण फक्त काकांनी सांगितला तेवढाच.