कलंडून ठेवलेलं आसन

ओवुराकूचं नाव नुसतं ऐकलं तरी अब्राफीच्या डोक्यात तिडीक जायची, आणि त्याला कारणही तसंच होतं. कुमासीच्या कला महाविद्यालयात दोघं एकाच वर्गात. मागच्या वर्षी वसतिगृहाची अख्खी भिंत तिने उन्हात शिडीवर उभं राहून रंगवली, आणि खाली पाटीवर नाव लागलं ओवुराकूचं. का, तर म्हणे तो गटाचा प्रमुख! तिचा बाप गावाकडे लाकडी आसनं कोरायचा. मुलीचं काम बघायला तो ठेवणीतलं कापड नेसून आला होता. त्याने पाटी वरपासून खालपर्यंत वाचली आणि विचारलं, “पोरी, यात तुझं नाव कुठं गं?” याचं उट्टं काढायचंच, ही गाठ अब्राफीने त्याच जागी मनाशी मारली.

यंदा पोरांनी मोठंच काम अंगावर घेतलं होतं. व्हीआरचा चष्मा डोळ्यांवर चढवला, की जुन्या राजवाड्याचं अंगण आपल्याभोवती उभं राहायचं आणि त्यात या सगळ्यांची चित्रं, मूर्ती, कापडं बघत हिंडता यायचं. नाव ठेवलं होतं ‘अदिवो’, म्हणजे अंगणच. उद्घाटनाला राणीमाता दुफी येणार होत्या. लोगो अब्राफीने केला. अंगणाची चौकट, आणि मधोमध राणीमातेचं आसन, एका कुशीवर कलंडून ठेवलेलं. चष्मा घातल्यावर सगळ्यात आधी हा लोगोच माणसाएवढा होऊन समोर यायचा.

ओवुराकू राजधानीत, अक्रात, सोफ्यावर वाढलेला. संगणकावर लोगो बघून तो फिदीफिदी हसला.

“अगं, हे पडलंय की! हात थरथरला का तुझा?” म्हणत त्याने माऊसने आसन फिरवलं आणि सरळ उभं केलं. “आता कसं, ताठ!”

अब्राफीने तोंड उघडलं. बसणारा उठला की आसन कलंडून ठेवायचं, नाहीतर जाता-येता एखादं भूत त्यावर येऊन बसतं, हे तिला चालायला लागण्याआधीपासून ठाऊक होतं. राणीमातेचं रिकामं आसन उभं करणं म्हणजे तर त्यांच्या जागी मरणाला पाट मांडणं. ती सांगणारच होती, खरंच सांगणार होती. पण तेवढ्यात तोच पुढे म्हणाला, “आणि हो, पाटीवर नाव माझं जाईल हं. शेवटचा हात माझा फिरलाय ना.”

तिने तोंड मिटलं.

“जाऊ दे की तुझंच,” ती इतक्या गोडीने म्हणाली, की शेजारी मक्याचं केंके खात बसलेल्या एसिनामचा घास हातातच राहिला.

बाहेर आल्यावर एसिनामने मैत्रिणीचा दंड धरला. “सांगितलं का नाहीस त्या गाढवाला? मी दुसऱ्या जमातीची, एवे घरातली, तरी तुझ्यामुळे मला माहितीय!”

“त्याला शेवटचा हात फिरवायचा होता. फिरवला. भोगेल.”

“आणि तुझ्यावर शेकलं तर?”

“माझी तयारी आहे,” अब्राफी म्हणाली, आणि शुक्रवारी संध्याकाळी गावी जाऊन आली.

वर्गातल्या जाणत्या पोरांनी लोगो पडद्यावर बोटाएवढाच बघितला होता, त्यामुळे कुणाच्या काही ध्यानात आलं नाही. शनिवारी मांडव भरला. अब्राफीचा बापही आला, पण तोंड कडू करून. गोठ्यातला मेंढा कुणीतरी सोडून नेला होता आणि तो भेटेल त्याच्यापाशी चोराच्या सात पिढ्या काढत होता. ओवुराकू भाड्याचं भरजरी केंटे कापड खांद्यावरून सावरत मंचावर चढला. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणाऱ्याचा आव कसा असतो, ते त्या दिवशी बघून घ्यावं.

“हा लोगो माझ्या हातचा आहे,” तो छाती फुगवून म्हणाला. “एकेक रेघ मी ओढलीय.”

राणीमातेला चष्मा घातला गेला, आणि लगेच त्यांनी तो ओढून काढला. राणीमाता लोकांशी थेट बोलत नसत. शेजारच्या काठीवाल्या प्रवक्त्याच्या कानाशी त्या काहीतरी पुटपुटल्या. त्याने काठी आपटली.

“राणीमाता विचारतात, त्या जिवंत असताना त्यांचं आसन रिकामं उभं कुणी केलं? कुणाला बसायला बोलावलंय?”

म्हाताऱ्या बायकांनी डोक्याला हात लावले. ओवुराकूच्या तोंडचं पाणी पळालं.

“माझं नाही ते! अब्राफीने केलंय!” तो ओरडला. “लोगो तिचाच आहे. मागची भिंतसुद्धा तिचीच होती!”

हेच ऐकायला ती वर्षभर थांबली होती. अब्राफी उठली, चपला काढल्या आणि पुढे झाली.

“लोगो माझा आहे. माझ्या लोगोत आसन कलंडलेलं होतं. उभं याने केलं, आणि तेवढ्यावर नाव लावलं.”

“मी तिथंच होते, केंके खात!” मागून एसिनाम ओरडली. मांडवात हशा उसळला.

“मेंढा आणि दारूची बाटली, सूर्य मावळायच्या आत,” प्रवक्त्याने ओवुराकूला दंड सुनावला. पण राणीमातेची नजर अब्राफीवरून हलेना. त्या पुन्हा पुटपुटल्या आणि प्रवक्त्याने विचारलं,

“आसनं कोरणाऱ्याची लेक तू. ते उभं दिसलं, तेव्हा तुझी जीभ कुठं होती?”

“तोंडातच होती,” अब्राफी म्हणाली. “मुद्दाम गप्प बसले.”

“मग तुझाही मेंढा.”

“बाहेर आंब्याखाली बांधलाय. बाटलीही तिथंच आहे.”

राणीमातेच्या ओठांचा कोपरा किंचित हलला. ओवुराकू केंटे गोळा करून बाजाराकडे पळाला, आणि वर्गातली पोरं त्याला मेंढ्याचा आवाज काढून दाखवत राहिली. इतकं बरं अब्राफीला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

मेंढा आणायला ती बाहेर गेली, तर बाप आधीच आंब्याखाली उभा होता. मेंढ्याच्या फाटक्या कानावरून तो बोट फिरवत होता.

“मागितला असतास तर दिला असता की गं,” तो म्हणाला.

“मागितला असता तर कशाला ते सांगावं लागलं असतं. तुम्ही मला अडवलं असतं.”

“अडवलंच असतं,” बाप म्हणाला. त्याने दोर सोडून तिच्या हातात दिला. “आणि मी सकाळपासून त्या चोराला सगळ्या गावासमोर शिव्या घालतोय.”

ती मान खाली घालून मेंढा मांडवात घेऊन गेली.