धाकट्याचं मत

मास्तरांनी आयुष्यभर लोकांना पाय करून दिले. आमचं वर्कशॉप रुग्णालयाच्या मागच्या अंगाला, कपडे धुण्याच्या विभागाला लागून. तीन टेबलं, एक भट्टी आणि भिंतीवर ओळीने टांगलेले प्लास्टरचे साचे. मी पट्टे शिवायची, मास्तर साचा घ्यायचे. उरलेल्या पायावर ओलं प्लास्टर गुंडाळताना ते पेशंटशी काहीबाही बोलत राहायचे, आणि बोटं मात्र हाडाचं टोक नेमकं कुठे टोचतंय ते शोधत असायची. काम मनासारखं झालं की म्हणायचे, "जा आता, बायकोला चुकवून पळता येईल." हा एकच विनोद मी तेवीस वर्षं ऐकला. पेशंट हसायचे, म्हणून मीही हसायची.

त्यांची बायको याच रुग्णालयात, लहान मुलांच्या वॉर्डात. सगळे तिला सिस्टरच म्हणायचे, मास्तरसुद्धा. तीन वर्षांची असताना ती आईच्या कडेवर बसून नदीपलीकडून आली. तिकडे गोळीबार चालू होता. आता ते कुणाच्या लक्षातही नव्हतं. फक्त सलाईनचे थेंब मोजताना तिच्या तोंडी तिकडचे आकडे यायचे, एवढंच.

मास्तरांचा धाकटा भाऊ बस चालवायचा. आई लवकर गेली, म्हणून त्याला मास्तरांनीच वाढवलं. लग्न होऊन दोन मुलींचा बाप झाला तरी घरात त्याला धाकटाच म्हणत. दर रविवारी तो मुलींना घेऊन मास्तरांकडे जेवायला. मुलींना एकूण एक लस सिस्टरने टोचलेली. थोरलीला न्यूमोनिया झाला, तेव्हा सिस्टर अकरा दिवस ड्युटी संपल्यावरही तिच्या उशाशी बसून होती.

मग ती निवडणूक आली. उमेदवार बरेच होते, पण बोलणं एकाचंच चालायचं. नदीपलीकडून आलेल्यांनी तुमची कामं घेतली, घरं घेतली, आता त्यांना त्यांची जागा दाखवू. प्रत्येक सभेत तेच, फक्त आवाज वाढत गेलेला. एका रविवारी धाकटा त्याचा बिल्ला खिशावर लावून जेवायला आला.

सिस्टर वाढता वाढता थांबली. "हे काय लावलंय, भाऊजी?"

"अहो वहिनी, ते तुमच्याबद्दल नाहीये. तुम्ही कुठे त्यांच्यातल्या?"

"मग मी कुणातली?"

"आमच्यातल्या!" तो हसला आणि ताट पुढे केलं.

"आणि मी वाढलं," सिस्टर मला पुढे एकदा म्हणाली. "त्या क्षणी हात थांबायला हवा होता. नाही थांबला."

तो उमेदवार निवडून आला. निकालाच्या दुसऱ्या दिवशी सिस्टरने मास्तरांना सांगून टाकलं, "यापुढे धाकटे भाऊजी या घरात नकोत. मुली येऊ देत. ते नकोत."

मास्तरांना ते पटेना. धाकट्याच्या बसचा मार्ग बंद झाला होता. आठ महिने तो डेपोत नुसता बाकावर बसून होता, आणि शेजारी बसणारे रोज त्याचे कान भरत होते. "तो वाईट नाही गं," मास्तर म्हणाले. "घाबरलाय. एका मतावरून माणूस मोजायचा का?"

"घाबरलेली माणसं मी रोज बघते," सिस्टर म्हणाली. "पोराला सुई टोचताना आई घाबरते. पण शेजारच्या खाटेवरच्या पोराला बाहेर काढा, असं नाही म्हणत ती."

घरी बोलणं संपलं की मास्तर उरलेलं वर्कशॉपमध्ये आणायचे. कानशीने कड घासता घासता आम्हाला समजावायचे की लोकांना नावं ठेवणं सोपं असतं, त्यांच्या जागी उभं राहून बघावं. मला ते पटायचं. खरं सांगायचं तर मला ते सोयीचं होतं. माझ्या सासरची निम्मी माणसं तोच बिल्ला लावून फिरत होती आणि मला त्यांच्यात राहायचं होतं.

वर्षाच्या आत नवा नियम आला. नदीपलीकडे जन्मलेल्या प्रत्येकाने, मग इथे येऊन कितीही वर्षं झालेली असोत, दर तीन महिन्यांनी नोंदणी कार्यालयात हजर राहायचं. सरकारी नोकरीत असलेल्यांची चौकशी, आणि ती होईपर्यंत लोकांशी संबंध येईल असं काम नाही. सिस्टरची एकतीस वर्षं नोकरी झालेली. तिला वॉर्डातून उचलून तळघरात चादरींच्या कोठीत बसवलं. युनिफॉर्म काढून ठेवायला सांगितला.

"हे धाकट्याला ठाऊक नसणार," मास्तर म्हणाले.

"कशावरून?"

"ठाऊक असतं तर त्याने असं केलं असतं का?"

"मग विचारा की त्याला."

त्यांनी विचारलं नाही. दीड वर्ष नाही. धाकट्याला ते बस डेपोबाहेरच्या टपरीवर भेटायचे, एखाद्या कॉलेजकुमारासारखे, बायकोला कळू न देता. सिस्टरला ते पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.

धाकट्याला साखरेचा त्रास होता. अंगठ्याला बूट चावला, त्याने लक्ष दिलं नाही. जखम काळी पडली आणि शेवटी गुडघ्याखालून पाय काढावा लागला. जखम भरल्यावर तो चाकांच्या खुर्चीतून आमच्याकडेच आला, दुसरीकडे जाणार कुठे? मास्तरांनी घरी सांगितलं, तेव्हा सिस्टर एवढंच म्हणाली, "नीट करा. खोट ठेवू नका. ते तुमचं काम आहे."

मास्तरांनी खोट ठेवली नाही. तीनदा साचा घेतला. पाय बसवून बघायच्या दिवशी ते धाकट्यासमोर जमिनीवर गुडघे टेकून बसले होते आणि मी शेजारी कमरेचा पट्टा बेतत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं,

"एक सांग. तुझ्या वहिनीला असं रांगेत उभं करतील, वॉर्डातून काढतील, हे तुला तेव्हा माहीत नव्हतं ना?"

उत्तर त्यांनी प्रश्नातच घालून दिलं होतं. धाकट्याने नुसती मान हलवली असती तरी काम झालं असतं.

"माहीत होतं की," धाकटा म्हणाला. "सभेत कागद वाटले होते, त्यात सगळं होतं."

मास्तरांचे हात थांबले. "मग?"

"मग काय? वहिनींचं काय बिघडलं? पगार चालू आहे ना? तीन महिन्यांतून एकदा रांगेत उभं राहायचं. आम्ही नाही का रांगा लावत? दादा, तू पण ना, उगाच मनाला लावून घेतोस." मग त्याने गुडघ्याखाली बोट ठेवलं. "इथे जरा टोचतंय बघ."

मास्तरांनी बघितलं. टोचत होतं तिथे खूण केली, पाय काढला, आतून घासला, परत बसवला. धाकटा कठड्याला धरून चार पावलं चालला. चाल सरळ होती.

त्या संध्याकाळी मास्तरांनी घरी जाऊन सगळं सांगितलं. सिस्टर कपड्यांच्या घड्या घालत होती.

"मी हेच सांगत होते," ती म्हणाली. "तेव्हा तुमचा विश्वास बसला नाही. त्याने सांगितल्यावर बसला."

"मी आता त्याचं तोंड बघणार नाही."

"का? त्याने आज नवीन काय केलं? त्याच्यावरचा माझा राग सोपा आहे. त्याने मत दिलं, मला राग आला, संपलं. तुमच्यावरचा राग कुठे ठेवू तेच कळत नाही. त्याचा मार्ग बंद झाला, त्याचे कुणी कान भरले, तो घाबरला. दोन वर्षं तुम्ही त्याच्यासाठी कारणं शोधलीत. हिला रागवायला कारण आहे, असं एकदा तरी म्हणालात?"

हे मला मास्तरांनीच सांगितलं, दुसऱ्या दिवशी, भट्टी पेटायची वाट बघत. मी त्यांना काहीतरी म्हणायला हवं होतं. मी पट्टा शिवायला घेतला.

मास्तरांनी धाकट्याशी बोलणं खरोखरच टाकलं. पायाची दुरुस्ती असली की दुसऱ्या कारागिराकडे पाठवायचे. त्यामुळे घरात काही फरक पडला नाही. धाकट्याची थोरली मुलगी मात्र कॉलेज सुटलं की तळघरात सिस्टरकडे येऊन बसायची, चादरी मोजू लागायची. काकांना भेटायला वर वर्कशॉपमध्ये ती कधी आली नाही.

चौकशी अजून चालूच आहे. नोंदणीला सिस्टर एकटी जाते. मास्तर बरोबर येतो म्हणाले की ती म्हणते, "कशाला? तुमची रजा फुकट जाईल." गेल्या खेपेला ते न विचारताच गेले. रांग कार्यालयाच्या पायऱ्यांवरून खाली फुटपाथवर आलेली होती. सिस्टर मधोमध उभी होती, मागच्या म्हातारीचा अर्ज भरून देत होती. मास्तर शेजारी जाऊन उभे राहिले, तरी तिने आधी अर्ज पुरा केला.

"हे कोण?" म्हातारीने विचारलं.

"माझे मिस्टर," सिस्टर म्हणाली. "सगळ्यांची बाजू समजून घेतात."

"भाग्यवान आहेस हो," म्हातारी म्हणाली.

सिस्टरने पेनाला टोपण लावलं. रांग दोन पावलं पुढे सरकली आणि मास्तर तिच्याबरोबर सरकले.