गोधडीचा घास

गोधडी उपाशी राहू नये म्हणून शेवटच्या कोपऱ्यात पोळीचा घास शिवण्याची आमच्याकडे रीत आहे. काल तो शिवला आणि ओसरीवर पुस्तकाची चारच पाने वाचायला बसले. मान वर केली, तर चंद्री शेळी तोच कोपरा संथपणे चघळत होती. लेकीच्या बाळंतपणासाठी तीन महिने घातलेले टाके तिच्या लाळेने भिजले होते.

"तिला रोज पोळी भरवतं कोण, वहिनी?" शेजारच्या सुमनताई हसल्या.

उत्तर ठाऊक होते, म्हणूनच चीड अधिक आली. जीव लावलेल्या गोष्टी एकमेकींना एक दुपारही सुखाने जगू देत नाहीत.

लेक उद्या येणार. आज कोपरा नव्याने जोडला. घास शिवून उरलेला तुकडा माझ्या हाताने, मला न विचारता, चंद्रीपुढे धरला.