जॅकेट वगळलेली गोष्ट

थ्रेडिंग करणाऱ्या बहुतेक बायका दोऱ्याचं टोक दातात धरतात. ती मात्र गळ्यात अडकवायची. तोंड मोकळं हवं म्हणून.

“हलायचं नाही हं, नाहीतर भुवई जाईल,” ती गिऱ्हाइकाला बजावायची. बाई डोळे मिटून, दोन्ही हातांनी कातडी ताणून गप्प बसली, की ही सुरू व्हायची. आपल्या सासूची गोष्ट.

ही २०१६-१७च्या सुमाराची हकिकत. कॅनडात सरेमधल्या एका प्लाझात साड्यांच्या दुकानात मी कॅशवर होते. असे प्लाझा तुम्हीही पाहिले असतील. एका टोकाला मिठाईवाला, दुसऱ्या टोकाला इमिग्रेशनवाला, मध्ये सोनार, आणि पार्किंगवरून कायम कुणाचं तरी वाजलेलं. आमच्या दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात पडदा लावून मालकीणबाईंनी तिला एक खुर्ची आणि आरसा दिला होता. मालकीण पंजाबी, गिऱ्हाइकं सगळीकडची, त्यामुळे गोष्ट हिंदीतही तयार होती. पण मराठी बाई बसली, की तिला खरा रंग चढायचा.

ती मिरजेची. दहाएक वर्षांपूर्वी लग्न होऊन इथे आली. मूल होईना म्हणून सासू धुसफुसू लागली, आणि एका रविवारी दुपारी, सगळी गल्ली बाहेर फावड्यांनी बर्फ शोव्हल करत असताना, सासूने तिला दाराबाहेर काढलं. पायात घरातल्या चपला, अंगावर सुती ड्रेस.

“आणि नवरा?” बाई न हलता विचारायची.

“नवरा हॉकीची मॅच बघत होता. मी दार वाजवायला लागले, तसा त्याने टीव्हीचा आवाज वाढवला.”

इथे दोरा जरा जोरात ओढला जायचा. बाई “आई गं” म्हणायची. ते भुवईमुळे की गोष्टीमुळे, मला कधी कळलं नाही.

घटस्फोट झाला. सासू मुलासाठी दुसरी मुलगी शोधू लागली. सरेपासून बर्नबीपर्यंत आपली मराठी घरं ती किती! त्या घरांतली एखादी तरी मावशी, आत्या, काकू भुवया करायला आमच्याकडे यायचीच. आडनाव, रस्ता, गॅरेजच्या दाराचा रंग, ही काहीही लपवायची नाही. “मी एक अक्षर खोटं सांगत नाही,” म्हणायची, आणि ते खरंच होतं. कॉलेजसाठी पुण्याहून आलेल्या एका मुलीने तर अर्ध्या भुवईवर असतानाच फोन काढून घरी कळवलं, की मला हे स्थळ नको.

त्या दिवशी हिने मिठाईवाल्याकडून बर्फी आणून सगळ्या दुकानाला वाटली. “कशाची?” मालकीणबाईंनी विचारलं. “त्याचं लग्न मोडलं त्याची,” ही म्हणाली. आम्ही सगळ्यांनी खाल्ली. छान होती.

मग एका शनिवारी पडदा बाजूला सारून एक मुलगी आत आली. इथेच वाढलेली, केस वर बांधलेले, डोळे सुजलेले.

“वहिनी,” ती म्हणाली.

हिच्या हातातला दोरा थांबला. ती तिची नणंद होती.

“त्यांनी माझी एंगेजमेंट कॅन्सल केली. त्याच्या आईने तुमची स्टोरी ऐकली. म्हणे असल्या घरातली मुलगी नको.” मग ती एकदम इंग्रजीत रडायला लागली. त्यातलं मला एवढंच कळलं, की ‘मी तेव्हा चौदा वर्षांची होते, मी काय करू शकत होते?’ आणि शेवटी मराठीत: “मी तुम्हाला जॅकेट टाकलं होतं ना खिडकीतून!”

मी हिच्याकडे बघितलं. ती गोष्ट मी इतक्यांदा ऐकली होती की झोपेत म्हटली असती. तिच्यात जॅकेट कधीच नव्हतं.

“टाकलं होतं,” ही हळूच म्हणाली. “शाळेचं. निळं.”

नणंद गेल्यावर मी विचारलं, “हे कधी सांगितलं नाहीस?”

“ते घातलं की गोष्ट मऊ होते गं. बायकांना राग यायचा तेवढा येत नाही.”

दुसऱ्या दिवशी मी तिला माझ्या गाडीतून बर्नबीला नेलं, नणंदेशी लग्न ठरलेल्या त्या मुलाच्या घरी. तिथे तिने सगळं सांगितलं, जॅकेटसकट. मुलाची आई गोंधळली. “अहो, पण तुम्हीच म्हणाला होतात ना, की ते घर वाईट आहे?”

“वाईटच आहे. म्हणून तर पोरीला लवकर घेऊन या तिथून.”

लग्न पुन्हा ठरलं. नणंद मिठी मारायला आली, तर हिने तिला हातभर लांब धरलं. “माझी एक अट आहे. लग्नाला मी येणार. आणि सगळ्यांसमोर माझी ओटी तुझी आई भरणार.”

“वहिनी, मॉम मरेल!”

“नाही मरत. मी मेले का?”

ऑगस्टमध्ये बँक्वेट हॉलमध्ये लग्न झालं. ही आमच्याच दुकानातली, काचेतल्या पुतळ्यावरची गडद जांभळी पैठणी नेसली होती. मालकीणबाईंनी ती स्वतः पुतळ्यावरून उतरवून दिली होती. हॉलमधल्या निम्म्या बायकांच्या भुवया हिनेच केलेल्या. ही पुढे जाऊन उभी राहिली तशी सगळ्या जणी वळून बघू लागल्या.

सासू ताट घेऊन आली. खण, नारळ, तांदूळ. तिने कुंकू लावलं. ती अगदी कुजबुजत म्हणाली, “आता तरी तोंड बंद ठेव, बाई.”

“सासूबाई, मोठ्याने बोला,” ही म्हणाली. “मागच्यांना ऐकू येत नाहीये.”

सासूने ओटी भरली. आता ही वाकून नमस्कार करणार, म्हणून सगळ्या बघत होत्या. सासूही पाय जुळवून थांबली होती. ही वाकली नाही. ओटीचा पदर सावरत ताठ उभी राहिली. थांबून थांबून शेवटी सासूलाच मागे सरावं लागलं. हिचा जुना नवरा दाराजवळ फोनमध्ये डोकं घालून उभा होता.

“झालं का समाधान?” मी पार्किंगमध्ये विचारलं.

“छे! समाधान कसलं? भूक लागलीय.” आणि परत आत जाऊन ती दोनदा जेवली.

पुढच्या वसंतात ती दूर हॅमिल्टनला गेली. तिथे कुणीतरी तिला पार्लरमध्ये भागीदारी देऊ केली होती. जाताना रडलीबिडली नाही. मालकीणबाईंनी पडदा काढून त्या जागी बांगड्यांचा स्टँड लावला.

काही महिन्यांनी सासू दुकानात आली. मुलाच्या लग्नाचं पुन्हा कुठेतरी चाललं होतं, असं कानावर होतं. बांगड्या बघता बघता तिने स्टँडच्या मागे डोकावलं.

“ती बाई दिसत नाही?”

“गेली. दुसऱ्या गावाला.”

“कायमची?”

“कायमची.”

तिचा चेहरा असा सैल पडला, जणू कित्येक वर्षांनी कुणी तिला बसायला खुर्ची दिली. हिरव्या बांगड्यांचा जोड उचलून तिने काउंटरवर ठेवला.

“कालच तुमच्या नव्या स्थळाकडच्या एक बाई आल्या होत्या,” मी बांगड्या कागदात गुंडाळत म्हटलं. “तिचीच चौकशी करत होत्या. ती नाही, मग मीच सांगितलं त्यांना सगळं. मला पाठ आहे.”

तिने माझ्याकडे बघितलं. बांगड्या तशाच टाकून ती बाहेर पडली. दारात तिचा मुलगा गाडी चालू ठेवून बसला होता.